थिंबल : जाड तारेचे नाजूक टोक

प्रतिनिधी, मुंबई

माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि पनवेल-पेणचा वळसा न घालता मोटारीसह तासाभरात अलिबागच्या किनाऱ्यावर उतरणे मुंबईकरांना शक्य झाले. त्यानंतर वर्षभराने, २०२१ मध्ये, राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. झोपायला गादी, छोटेसे स्वयंपाकघर, फ्रीज, पंखा असा सारा संसार चाकांवर घेऊन निघण्याची हौस त्यापूर्वीही होती. आता तिला राजमान्यता आणि कोकणात उतरायला जवळची वाट, दोन्ही मिळाले आहेत.

असे मोटारघर सजवताना लाकडाचा रंग, गादीची जाडी, टपावरील सौरपट्ट्यांची संख्या यांवर बराच खल होतो. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जाणारी हात-दोन हात लांबीची जाड तार मात्र ‘गॅरेजवाला बघेल’ एवढ्या वाक्यात निकालात निघते. या तारेच्या टोकाला तांब्याचा एक चपटा डोळा बसवलेला असतो. बाजारात त्याला थिंबल म्हणतात, काही जण लग म्हणतात. तो डोळा तारेवर कसा बसवला आहे, यावर त्या गाडीत रात्री झोपणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. कारण बॅटरी बहुधा पलंगाखाली असते आणि तिच्याभोवती प्लायवूड, फोम व पडदे असतात.

या जोडाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. घरातील वीज २३० व्होल्टची, गाडीतील बॅटरी १२ व्होल्टची. दोन हजार वॅटचे उपकरण घरात चालवले तर तारेतून नऊ अँपियरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. तेच उपकरण गाडीत इन्व्हर्टरवर लावले, की इन्व्हर्टरची तूट धरून बॅटरीच्या तारेतून सुमारे १८० अँपियर वाहू लागतात. प्रवाह वीस पट झाला. पण जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेवढाच रोध असलेला सदोष जोड घरातील तारेत जितका तापेल, त्याच्या चारशे पट उष्णता तो बॅटरीच्या तारेत निर्माण करतो. घरगुती वायरिंग उत्तम जमणाऱ्या कारागिराची गाडीच्या बॅटरीपाशी फसगत होते, ती येथे. त्याच्या हाताला नऊ अँपियरची सवय असते.

वाईट जोड म्हणजे किती वाईट? एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, एवढा रोध पुरेसा आहे. साध्या मल्टिमीटरला तो दिसतही नाही. तो शून्यच दाखवतो. परंतु १८० अँपियर प्रवाहाला त्या एका जोडात ३२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. थोडक्यात, सोल्डरिंगच्या इस्त्रीहून अधिक तापणारी वस्तू पलंगाखाली चालू ठेवून कुटुंब झोपी जाते. तुलनेसाठी तारेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ७० चौरस मिलिमीटर जाडीच्या लवचीक तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ०.२७२ ओहम इतका असतो. त्यामुळे एका सदोष जोडाचा रोध साडेतीन मीटरहून अधिक लांबीच्या तारेएवढा भरतो. महागडी तार घेऊन थिंबलवर बचत करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. उत्तम बसवलेल्या थिंबलचा रोध मात्र तेवढ्याच लांबीच्या तारेच्या आसपास राहतो.

पुष्कळांची समजूत अशी असते, की काही बिघडले तर फ्यूज उडेल. ती अर्धीच खरी आहे. तार कोठे घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडतो आणि त्यासाठी तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवाच. ढिल्या जोडाने मात्र प्रवाह फारसा वाढत नाही. २५० अँपियरच्या फ्यूजच्या दृष्टीने १८० अँपियर हा नेहमीचाच भार. शेजारी थिंबल लाल होत असले तरी त्याला त्याची खबर नसते. जोड तापतो, फुगतो, थंड झाल्यावर आकसतो, तारांमध्ये फट पडते, फटीत दमट हवा शिरते, तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो, जोड आणखी तापतो. हे दुष्टचक्र काही महिने निमूटपणे चालू राहते. या काळात दिसणारे एकमेव लक्षण म्हणजे मोठे उपकरण लावताच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ची शिटी मारतो. मालक बॅटरीला दोष देतो, नवी बॅटरी विकत घेतो आणि ती त्याच जुन्या थिंबलला जोडतो.

माझगावला हा प्रश्न नवा नाही. भाऊच्या धक्क्याला लागणाऱ्या मच्छीमार बोटींवर बॅटऱ्या आहेत, स्टार्टरच्या जाड तारा आहेत आणि चोवीस तास खारी हवा आहे. तांब्याच्या उघड्या टोकावर हिरवट बुरा साचायला तेथे फार दिवस लागत नाहीत. थोड्याच अंतरावर माझगाव डॉक. १७७४ मध्ये एका लहानशा सुक्या गोदीपासून सुरू झालेला हा कारखाना १९६० मध्ये सरकारकडे आला. १९९२ मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस शाल्की ही देशात बांधलेली पहिली पाणबुडी येथलीच. डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झालेली आयएनएस कलवरीही येथलीच. पाण्याखाली असताना अशा पाणबुडीचा सारा कारभार बॅटरीवर चालतो. कलवरी वर्गाच्या पाणबुडीत प्रत्येकी सुमारे ७५० किलो वजनाचे ३६० बॅटरी-घट असतात. म्हणजे नुसत्या बॅटरीचे वजन २७० टन. मोटारघराच्या दीडशे अँपियर-तासाच्या बॅटरीशी त्याची तुलना कसली करायची? तरी बंद जागा, शेजारी झोपणारी माणसे आणि शेकडो जोडांपैकी एकही तापू न देण्याची गरज, हा भाग दोन्हीकडे सारखाच.

तार निवडताना

थिंबलचा विचार तारेपासून सुरू होतो. गाडीत हादरे बसतात, त्यामुळे बारीक केसांसारख्या अनेक तारांची लवचीक केबल लागते. इमारतीत वापरतात ती मोजक्या जाड तारांची कडक केबल येथे कामाची नाही. वेल्डिंगची केबल लवचीक असते आणि गॅरेजांत सर्रास वापरली जाते. मात्र तिच्यात ॲल्युमिनियमची, किंवा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, असे प्रकार बाजारात मिळतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक तार काढून ब्लेडने खरवडावी. बाहेर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर तो मुलामा आहे, परत करावी. बाहेर पांढरी आणि आत तांबूस निघाली तर ते कथिलाची कल्हई केलेले अस्सल तांबे. समुद्रकाठच्या हवेसाठी तीच सर्वोत्तम.

दारूखान्यात जहाजांच्या भंगारातून आलेली जाड केबल वजनावर मिळण्याचा मोह होतो. केबल कधी कधी उत्तमही निघते. पण टोक कापून आवरण सोलल्यावर आतले तांबे काळे दिसले, तर आणखी हातभर कापून पाहावे. आवरणाखालून ओल केशिकांसारखी पुढे सरकलेली असते आणि काळ्या पडलेल्या तारांवर कितीही चांगले थिंबल बसवले तरी उपयोग नाही.

थिंबल तारेच्याच मापाचे आणि तांब्याचेच हवे. त्यावर दोन आकडे ठोकलेले असतात : पहिला तारेच्या जाडीचा, दुसरा भोकाचा. ‘७०-८’ म्हणजे ७० चौरस मिलिमीटरची तार आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट. लोहार चाळीत ही थिंबले मापानुसार सुटी मिळतात. इमारतीच्या पॅनेलसाठी असलेले ॲल्युमिनियमचे थिंबल स्वस्त पडते, पण तांबे व ॲल्युमिनियम दमट हवेत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजू लागते. भोक मोठे असेल तर वायसर लावून भागवणे हाही गैरप्रकार; तेथे डोळ्याचा टेकणारा भाग घटतो. आणि तार नळीत जात नाही म्हणून तिच्या चार-सहा बारीक तारा कापून टाकणे हा तर या व्यवसायातील सर्वांत जुना आणि सर्वांत कमी बोलला जाणारा अपराध होय.

दाब कसा द्यावा

तार कापायला गोल पात्यांचे केबल कटर वापरावे. हॅक्सॉने कापलेल्या टोकाच्या तारा पिंजल्या जातात आणि त्यांत तांब्याचा भुसा अडकतो. आवरण सोलायचे ते थिंबलच्या नळीच्या लांबीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर अधिक, त्याहून जास्त नाही. सुरीचा घाव आतल्या तारांवर बसता कामा नये. घाव बसलेली तार पुढे हादऱ्याने तेथेच तुटते. आवरणावर चढवायची हीट श्रिंक नळी याच वेळी तारेत ओवून मागे सरकवून ठेवावी. काम संपल्यावर तिची आठवण होते आणि मोठ्या डोळ्यावरून ती आत जात नाही, हा अनुभव सर्वांचाच.

मग तार नळीत शेवटपर्यंत घालायची. काही थिंबलांना गळ्याशी लहानसे भोक असते. त्यातून तांबे दिसले म्हणजे तार टोकापर्यंत पोहोचली. आता मुख्य काम : दाब. हातोड्याचे घाव, व्हाइसमध्ये धरून छिन्नीचा ठसा, मोठ्या पक्कडीची मिठी, हे सारे उपाय वर्षानुवर्षे चालत आले आहेत आणि वाटेत अडकलेल्या ट्रकला घरी पोहोचवण्यापुरते ते क्षम्यही आहेत. कायमच्या जोडाला मात्र हायड्रोलिक क्रिम्पिंग टूल आणि त्यात तारेच्या मापाची षटकोनी डाय हवी. नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात हाताने चालवायची अशी हत्यारे मिळतात आणि एकदोन तारांसाठी ती विकत घेण्यापेक्षा तारा पॅनेल बनवणाऱ्याकडे नेऊन पंच करून घेणे स्वस्त पडते.

योग्य दाबाने घडते ते असे. नळी आकसते, आतील शेकडो तारा एकमेकींवर चेपून गोलाकार सोडतात व षटकोनी होतात, मधली हवा बाहेर पडते, ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि तांब्याला ताजे तांबे भिडते. आत हवाच नाही, तर ओलावा शिरणार कोठून? पहिला दाब डोळ्याच्या बाजूने द्यावा, दुसरा तारेच्या बाजूने. उलट क्रमाने दिल्यास नळीतले तांबे पुढे सरकायला जागा राहत नाही आणि थिंबल केळ्यासारखे वाकते. दाबानंतर नळीच्या दोन्ही बाजूंना पातळ कान फुटले तर डाय लहान पडली. थिंबल हाताने फिरू लागले तर ती मोठी. डायवर कोरलेल्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. स्वस्त हत्यारांचे आकडे आणि आपल्या थिंबलांची जाडी यांचा मेळ बसेलच असे नाही. म्हणून पहिले थिंबल बळी द्यावे : तारेच्या तुकड्यावर ते दाबून बसवावे, हॅक्सॉने आडवे कापावे आणि छेद पॉलिश पेपरवर घासून पाहावा. पोळ्यातील घरांसारख्या खेटून बसलेल्या तारा दिसल्या तर डाय बरोबर. काळ्या फटी दिसल्या तर डाय बदलावी. एका थिंबलची किंमत ती काय. या तपासणीइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही.

डाग द्यावा की नाही?

जुन्या पिढीचे ऑटो इलेक्ट्रिशियन थिंबल ब्लो लॅम्पवर धरून त्यात कथील-शिशाचा रस ओततात आणि त्यात तार बुडवतात. हा जोड देखणा होतो, हवाबंद होतो आणि गाडी उभी असेपर्यंत उत्तमच चालतो. आक्षेप दोन आहेत. कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. तांब्याला त्यासाठी १०८५ अंश लागतात. जोडात मुळातच दोष राहिला आणि तो तापू लागला, तर धरून ठेवणारी वस्तूच आधी मऊ पडते. दुसरा आक्षेप हादऱ्यांचा. वितळलेला रस तारांमधून वर चढतो आणि नळीबाहेरही बोटभर तार काठीसारखी ताठ होते; जेथे ताठपणा संपतो तेथे प्रत्येक खड्ड्यागणिक तार वाकते आणि कालांतराने तुटू लागते. मुंबई-गोवा महामार्गावरून प्रवास केलेल्यास यावर अधिक भाष्य नको.

तरीही ही पद्धत सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या बोटींच्या विद्युतविषयक मानकाने जोड केवळ सोल्डरच्या आधारावर ठेवण्यास मनाई केली आहे. त्याच मानकाने बॅटरीच्या थिंबलना अपवादही केला आहे, मात्र सोल्डरचा तारेशी संपर्क तारेच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबीचा असला पाहिजे. म्हणजे कसबी हाताने केलेला आणि नंतर पट्टीने आवळून हादऱ्यापासून वाचवलेला सोल्डरचा जोड त्याज्य नाही. त्याज्य आहे तो अर्धवट दाबलेला जोड सोल्डर ओतून झाकण्याचा प्रकार. वरून चकाकणाऱ्या अशा थिंबलच्या पोटात काय आहे, हे कापल्याशिवाय कळत नाही.

दाब देऊन झाल्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी थिंबलच्या नळीवर आणि तारेच्या आवरणावर चढवून गरम करावी. कडेने गोंद किंचित बाहेर आला म्हणजे तोंड बंद झाले.

बोल्टवर बसवताना

जोडाचे दुसरे तोंड बॅटरीच्या खांबावर असते आणि येथे एक चूक फार वेळा दिसते : थिंबल आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये वायसर घातला जातो. सगळा प्रवाह त्या वायसरमधून जातो. स्टेनलेस स्टीलची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम दोन-तीन टक्के असते. थिंबल थेट खांबाच्या सपाटीवर, वायसर त्याच्या वर आणि नट सर्वांत वर, हाच क्रम. एका बोल्टवर अनेक तारा असतील तर सर्वांत जाड तारेचे थिंबल सर्वांत खाली. बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठे तारेच्या ब्रशने चकचकीत करावीत. घट्ट केल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जेली संरक्षणासाठी आहे, वीज वाहण्यासाठी नाही. बोल्ट किती आवळायचा हे बॅटरीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. शिशाचा खांब मऊ असतो आणि जोर लावून आवळल्यास त्याचे आटे जातात.

काम करताना ऋण बाजूची तार आधी सोडावी व शेवटी जोडावी. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पाना दोन खांबांवर आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून बंद पेटीत बॅटरी ठेवणाऱ्यांनी हवेला वाट ठेवलीच पाहिजे. लिथियम बॅटरीत हायड्रोजनची ही अडचण नसते, पण शॉर्ट सर्किट झाल्यास ती हजारो अँपियर ओतते आणि साधा स्वस्त फ्यूज तो प्रवाह तोडू न शकता स्वतःच जळत राहतो. अशा बॅटरीला अधिक क्षमतेचा, टी-क्लास प्रकारचा फ्यूज लावावा. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या नारिंगी केबलांना मात्र हे लेखन लागू नाही. तेथील विद्युतदाब शेकडो व्होल्टचा असतो आणि ते काम प्रशिक्षितांचेच.

मोटारघराच्या बांधणीसाठी देशात ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड १२४ हे मानक आहे आणि गाडीत परस्पर मोठे फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, हेही गाडी बांधायला देण्यापूर्वी पाहून घ्यावे.

तपासणी कशी करावी

जोड पक्का झाला की नाही हे ओढून पाहून अर्धेच कळते. उरलेले अर्धे मल्टिमीटर सांगतो, मात्र रोध मोजून नव्हे. इन्व्हर्टरवर मोठा भार चालू ठेवावा, मीटर मिलिव्होल्टच्या पट्टीवर घ्यावा, एक काडी बॅटरीच्या खांबावरच टेकवावी, नटावर नव्हे, आणि दुसरी थिंबलच्या नळीवर. नंतर ती नळीवरून तारेच्या तांब्यात सुईने टोचावी. शंभर अँपियरला दोन-पाच मिलिव्होल्ट दिसले तर काळजीचे कारण नाही. पन्नास-शंभर मिलिव्होल्ट दिसले तर तो जोड त्याच दिवशी कापून नवा करावा. टोचलेल्या जागेवर नंतर गोंदाची पट्टी लावावी. मीटर नसेल तर अर्धा तास भार चालवून इन्फ्रारेड तापमापकाने तार आणि थिंबल दोन्ही पाहावीत. चांगल्या थिंबलमध्ये तारेपेक्षा अधिक तांबे असते, त्यामुळे ते तारेहून गार असायला हवे. ते तारेहून गरम लागले, तर दोष तेथेच.

नव्या गाडीत हे काम पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा करावे, कारण खांब व बोल्ट सुरुवातीला बसका घेतात. त्यानंतर पावसाळा संपताना एकदा. मांडव्याच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर आठवडाभर गाडी उभी राहिली असेल, तर परत आल्यावर नटाभोवती हिरवे किंवा पांढरे काही दिसते का, एवढे तरी बॅटरीचे झाकण उघडून पाहावे.